वाचनाची वही: आपण काय आणि कसं वाचतो हे ओळखण्याची पद्धत

वाचणाऱ्या माणसाला "तुम्हाला काय वाचायला आवडतं?" असं विचारलं की उत्तर पटकन येतं, पण बरेचदा ते अर्धंच खरं असतं. आपण जे वाचायला हवं असं वाटतं ते त्या उत्तरात शिरतं आणि जे खरोखर रात्री जागून संपवलं ते राहून जातं. कपाटाकडे बघूनही उलगडा होत नाही, कारण तिथे जमवलेली पुस्तकं दिसतात, वाचलेली कोणती ते कळत नाही. म्हणून एक वही ठेवायची. या वहीत पुस्तकांचे सारांश लिहायचे नाहीत. कोणतं पुस्तक का उचललं, कुठे अडलो, कुठे वेग वाढला, काय मनात राहिलं, एवढंच टिपायचं. वीस-पंचवीस पुस्तकांच्या नोंदी झाल्या की आपली आवड आपल्यालाच नव्याने दिसते आणि पुढचं पुस्तक निवडणं सोपं होतं.

वही कशी असावी

ए-फाइव्ह आकाराची, १६० ते २०० पानांची, शिवण बांधणीची वही घ्या. शिवलेली वही टेबलावर सपाट उघडी राहते. नुसत्या गोंदाने चिकटवलेली वही सारखी मिटते, जोर लावून उघडली की पानं सुटतात. ओळी आखलेल्या असाव्यात. लिहायला जेल किंवा बॉलपेन पुरे. शाईपेन वापरायचं असेल तर आधी शेवटच्या पानावर चार ओळी लिहून बघा. शाई मागे उमटत असेल तर प्रत्येक कागदाची एकच बाजू वापरता येईल आणि वही निम्म्यातच संपेल.

पहिल्याच दिवशी तीन कामं उरका. सगळ्या पानांना हाताने क्रमांक घाला. सुरुवातीची चार पानं अनुक्रमणिकेसाठी कोरी सोडा. शेवटची बारा पानं याद्यांसाठी आणि विषयसूचीसाठी राखून ठेवा. पान-क्रमांक घालायला पंधरा मिनिटं लागतात आणि तेवढ्यासाठी कंटाळा करणारे बरेच असतात, पण क्रमांक नसलेल्या वहीत वर्षभरानंतर काहीही सापडत नाही.

स्प्रेडशीट किंवा अॅप वापरायला हरकत नाही. किती पुस्तकं, किती पानं, कोणत्या महिन्यात, असली मोजणी तिथे चटकन होते. मात्र लांब नोंद तिथे लिहिली जात नाही. चौकट लहान दिसली की माणूस दोन शब्दांवर भागवतो. माझं मत वहीकडे झुकतं. जे निवडाल ते एकच ठेवा. अर्ध्या नोंदी फोनमध्ये आणि अर्ध्या कागदावर असल्या की दोन्ही अपुऱ्या राहतात.

पुस्तक उघडताना काय लिहायचं

प्रत्येक पुस्तकाला वहीची दोन समोरासमोरची पानं द्या. डाव्या पानावर वरच्या बाजूला सुरुवातीची तारीख, पुस्तकाचं नाव, लेखक, अनुवाद असेल तर अनुवादक, प्रकाशन, आवृत्ती आणि वर्ष, एकूण पानं. आवृत्ती आणि वर्ष पुस्तकाच्या सुरुवातीला, प्रकाशनाचे तपशील छापलेल्या पानावर सापडतात. ते लिहिण्याला कारण आहे. आवृत्ती बदलली की पान-क्रमांक सरकतात, आणि तुम्ही टिपलेलं "पान १४३" दुसऱ्या प्रतीत भलतीकडेच निघतं. अनुवादकाचं नाव तर कधीच सोडू नका. पुढे एखादी अनुवादित कादंबरी वाचवेना तेव्हा दोष मूळ लेखनाचा की अनुवादाचा, हे ठरवायला तेच उपयोगी पडतं.

त्याखाली दोन ओळी: हे पुस्तक कुणी किंवा कशाने सुचवलं, आणि ते आत्ताच का घेतलं. "का" ही अख्ख्या वहीतली सर्वांत मोलाची ओळ आहे. ती पुस्तक उघडण्यापूर्वीच लिहा, कारण पन्नास पानं झाल्यावर मूळ कारण आठवत नाही आणि आपण नवंच कारण रचतो. कारण खरं लिहा. "सगळे याबद्दल बोलत होते", "हातात घेतल्यावर लहान वाटलं", "मागच्या पुस्तकाने थकलो होतो" ही उत्तम कारणं आहेत. "ज्ञानात भर पडावी म्हणून" असं लिहिलंत तर थोडं थांबून पुन्हा विचारा. बहुधा त्यामागे दुसरं काहीतरी असतं.

पहिले चौदा दिवस: वेग आणि अडथळे

दोन आठवडे, फक्त दोनच आठवडे, प्रत्येक बैठकीची नोंद ठेवा: किती वाजता सुरू केलं, किती वाजता थांबलो, कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत, कुठे बसलो होतो, आणि का थांबलो. ही नोंद कायम चालू ठेवायचा प्रयत्न करू नका. वाचनाचं हिशेबखातं होतं आणि मग वहीच बंद पडते.

चौदा दिवसांनी हिशेब मांडा. समजा, कादंबरीची २४ पानं ४० मिनिटांत झाली, तर वेग तासाला ३६ पानं. ३१२ पानांच्या कादंबरीला मग सुमारे ८ तास ४० मिनिटं, म्हणजे ५२० मिनिटं लागतील. रोज सरासरी ३५ मिनिटं मिळत असतील तर ती पंधरा दिवसांत संपेल. वैचारिक पुस्तकाची त्याच ४० मिनिटांत १४ पानं झाली असतील तर वेग तासाला २१. २८० पानांना ८०० मिनिटं, म्हणजे तेवीस दिवस. हे आकडे समोर असले की "महिना झाला, पुस्तक संपतच नाही" ही खंत निघून जाते. पुस्तक संपायला तेवढे दिवस लागतातच. कादंबरीचा वेग वैचारिक पुस्तकाला लावून बघणं ही नेहमीची चूक, आणि त्यातूनच आपण मंद वाचतो असा गैरसमज होतो.

वेग प्रकारागणिक वेगळा काढा: कथा-कादंबरी, चरित्र, वैचारिक. कवितेचा वेग काढूच नका, त्याला अर्थ नाही. दोन पुस्तकांच्या वेगाची तुलना करायची असेल तर पानात मजकूर किती आहे तेही बघा. मधल्या एखाद्या पानावरच्या दहा ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा आणि पानावरच्या ओळींनी गुणा. एका ओळीत ११ शब्द आणि ३२ ओळी असलेल्या पानात ३५२ शब्द होतात. ८ शब्द आणि २६ ओळींच्या पानात फक्त २०८. दोन्ही पुस्तकं दोनशे पानांचीच, पण पहिलं जवळजवळ पावणेदोन पट मोठं.

आता "का थांबलो" हा रकाना वाचा. इथे पाच-सहा कारणं पुन्हा पुन्हा येतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा असतो. फोन वाजला किंवा आपणच उचलला, असं चौदापैकी सात-आठ वेळा दिसलं तर वाचताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा. शेजारी पालथा घातलेला फोन पुरत नाही, हात तिकडे जातोच. झोप आली असं असेल तर ते पुस्तक सकाळच्या वेळेत न्या आणि रात्रीसाठी हलकं, छोट्या प्रकरणांचं पुस्तक ठेवा. डोळे दुखले असतील तर उजेड आणि अंतर तपासा: पुस्तक डोळ्यांपासून सुमारे ३५ ते ४० सेंटिमीटरवर असावं, दिवा मागून किंवा बाजूने यावा, पानावर आपलीच सावली पडू नये. तरीही त्रास राहिला तर डोळे तपासून घ्या. चाळिशीनंतर अक्षर लांब धरावं लागतं आणि कित्येक जण त्याला वाचनाचा कंटाळा समजतात. कुणीतरी हाक मारली, हे कारण तर सगळ्यांच्याच वहीत असतं. त्यावर उपाय म्हणजे बैठक लहान ठेवणं आणि थांबण्याची जागा आधी ठरवणं. प्रकरणाच्या शेवटी थांबू नका. पुढच्या प्रकरणाची एक-दोन पानं वाचून थांबा. दुसऱ्या दिवशी पुस्तक उचलताना धागा हातात असतो, त्यामुळे सुरुवात जड जात नाही.

आणि कंटाळा आला, हे कारण असेल तर ते तसंच लिहा. त्याबद्दल पुढे येतंच.

पुस्तक संपल्यावर

संपल्यापासून दोन दिवसांच्या आत नोंद करा, आणि सुरुवात पुस्तक मिटून ठेवून करा. न बघता जे आठवेल ते उजव्या पानावर सात-आठ ओळींत लिहा: प्रसंग, वाक्य, युक्तिवाद, एखादं पात्र, काहीही. मग पुस्तक उघडून तपासा आणि जे निसटलं ते वेगळ्या रंगाने खाली जोडा. मिटून आठवण्याला ठोस आधार आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगांत एका गटाने उतारा पुन्हा वाचला आणि दुसऱ्या गटाने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. पुस्तक समोर ठेवून केलेली सुबक टिपणं म्हणूनच फसवी असतात. लिहिताना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि महिन्याभरात पुसलं जातं.

कथानक लिहीत बसू नका. ते कुठेही मिळतं. त्याऐवजी तीन गोष्टी लिहा. वेग कुठे वाढला आणि कुठे पानं नुसती उलटली गेली, पान-क्रमांकासह. कोणत्या गोष्टीशी आपलं जमलं नाही. आणि उघडताना लिहिलेलं "का" पूर्ण झालं का, की पुस्तकाने भलतंच काही दिलं.

पाचपैकी किती तारे द्यायचे हा प्रकार वहीत नकोच. एकाच आठवड्यात दोन चांगली पुस्तकं वाचली की दुसऱ्याला उगीच कमी तारे पडतात, आणि सहा महिन्यांनी "साडेतीन" म्हणजे काय हे आपल्यालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा कृतीचे शेरे वापरा: "पुन्हा वाचणार", "दुसऱ्याला देणार", "एकदा पुरे", "सोडलं". "दुसऱ्याला देणार" असं लिहिलंत तर कुणाला ते नावासकट लिहा. नाव सुचत नसेल तर तो शेरा खरा नाही.

पुस्तक अर्ध्यावर सोडणं

हाती घेतलेलं पुस्तक संपवलंच पाहिजे या हट्टाने वाचनाचं जितकं नुकसान होतं तितकं बाकी कशानेच होत नसेल. एका रुतलेल्या पुस्तकामुळे महिनोन्महिने दुसरं काहीच वाचलं जात नाही. नॅन्सी पर्ल या अमेरिकन ग्रंथपालांनी यासाठी एक सोपा नियम सांगितला आहे: पन्नास पानं वाचा, मग ठरवा. वय पन्नासच्या पुढे असेल तर शंभरातून वय वजा करा. उरतील तितकी पानं. ६४ वर्षांच्या वाचकाने ३६ पानं दिली की पुरे.

कादंबरीला हा नियम चांगला लागू पडतो. कथासंग्रहाला नाही, कारण पहिली कथा नावडली म्हणून बाकीच्या वाईट ठरत नाहीत. तिथे पहिली, शीर्षककथा आणि मधली कुठलीही एक, अशा तीन कथा वाचा. कवितासंग्रहात दहा कविता, त्याही दोन वेगवेगळ्या दिवशी. वैचारिक पुस्तकात प्रस्तावना, अनुक्रमणिका आणि मधलं एक अख्खं प्रकरण, शक्यतो ज्या विषयाची आपल्याला आधीपासून थोडी माहिती आहे तेच. त्या प्रकरणात लेखक मोघम बोलत असेल तर अनोळखी विषयांतही तो तसंच करत असणार.

पुस्तक कठीण आहे की कंटाळवाणं, हे ठरवायला एक चाचणी आहे. ज्या दोन पानांवर अडलात तीच दुसऱ्या दिवशी सकाळी, ताज्या डोक्याने, हळू आवाजात उच्चारून वाचा. उलगडत असतील तर पुस्तक कठीण होतं आणि वेळ चुकली होती. त्याची वेळ बदला. शब्द न् शब्द समजतोय आणि तरीही पुढे जावंसं वाटत नाही, तर ते तुमच्यासाठी नाही, निदान आत्ता तरी नाही.

सोडताना वहीत पान-क्रमांक आणि कारण लिहा. कारणासाठी ठरावीक शब्द वापरा, म्हणजे पुढे मोजता येतील: विषय, भाषा, अनुवाद, छपाई, लांबी, वेळ. "छपाई" हे कारण हलकं समजू नका. बारीक टाइप, दाटीवाटीच्या ओळी आणि शिवणीकडे घुसलेला मजकूर यांनी चांगल्या पुस्तकांवरचंही मन उडतं. अशा वेळी दुसरी आवृत्ती किंवा अक्षर मोठं करता येणारं ई-पुस्तक शोधावं. "अनुवाद" हे कारण असेल तर दुसऱ्या अनुवादकाची प्रत मिळाल्यावर नव्याने सुरुवात करा, जुन्या पानापासून पुढे नको.

आवड शोधणं

वीस-पंचवीस नोंदी झाल्या की एक निवांत दुपार काढून वही पहिल्यापासून वाचा. "पुन्हा वाचणार" आणि "दुसऱ्याला देणार" शेऱ्यांची पुस्तकं एका कोऱ्या पानावर उतरवा, शेजारी "सोडलं" शेऱ्याची. बहुतेक जण इथे विषय शोधतात: इतिहास आवडतो, रहस्य आवडतं. विषय क्वचितच पुरेसं उत्तर देतो. एकाच विषयावरची दोन पुस्तकं दोन्ही रकान्यांत बसलेली दिसतील.

इथे पर्ल यांचीच दुसरी कल्पना कामाला येते. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे वाचक पुस्तकात चार दरवाजांतून शिरतो: कथानक, पात्रं, परिसर आणि भाषा. प्रत्येक पुस्तकात चारही असतात, पण कोणता तरी एक मोठा असतो. पुढे काय होणार या ओढीने पानं उलटली तर कथानक. माणसं आपल्या ओळखीची झाली, पुस्तक संपल्यावर त्यांची आठवण येत राहिली, तर पात्रं. त्या गावात, त्या काळात, त्या व्यवसायात वावरून आल्यासारखं वाटलं तर परिसर. एखादं वाक्य दोनदा वाचण्यासाठी थांबावंसं वाटलं तर भाषा. आवडलेल्या प्रत्येक पुस्तकासमोर सर्वांत मोठा दरवाजा लिहा, मग सोडलेल्या पुस्तकांसमोर कोणता दरवाजा बंद होता ते लिहा.

आता चित्र दिसायला लागतं. बारा आवडत्या पुस्तकांपैकी सात-आठांसमोर "परिसर" लिहिलं गेलं असेल तर इतिहास, प्रवासवर्णन, विज्ञान आणि कादंबरी अशा वरवर विखुरलेल्या वाचनाचं सूत्र सापडलं. अशा वाचकाला वेगवान रहस्यकथा आणून दिली तर ती तो संपवेल, पण लक्षात ठेवणार नाही. पुढे कुणाला पुस्तक सुचवायला सांगाल तेव्हा विषयाऐवजी दरवाजा सांगा: "ज्यात माणसं खूप खरी वाटतात असं काहीतरी द्या, विषय कोणताही चालेल." चांगला ग्रंथपाल किंवा विक्रेता या वाक्यावर जास्त नेमकं पुस्तक काढून देतो. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली; त्यांतली दोन अशी की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपला दरवाजा आपल्याला सांगता आला तर समोरच्याला हे काम करता येतं.

मग "कुणी सुचवलं" ही ओळ तपासा. प्रत्येक स्रोतासमोर किती पुस्तकं घेतली आणि किती संपवली ते मांडा. एखाद्या मैत्रिणीने सुचवलेल्या सहांपैकी पाच संपली, वृत्तपत्रातल्या परीक्षणांवरून घेतलेल्या सातांपैकी दोन, मलपृष्ठ वाचून उचललेल्या आठांपैकी तीन, असं काहीतरी निघेल. यातून कुणाचं ऐकायचं ते ठरतं. ज्याची आवड आपल्या नेमकी उलट आहे असा माणूसही कामाचा असतो. त्याला जे रटाळ वाटलं ते आपण डोळे झाकून घ्यावं.

एक सावधगिरी बाळगावी. सापडलेल्या आवडीला कुंपण करू नका. दर पाच पुस्तकांमागे एक मुद्दाम दुसऱ्या दरवाजातलं घ्या, शक्यतो दोनशे पानांच्या आतलं. लहान पुस्तक असलं की प्रयोग फसला तरी फार वेळ जात नाही.

एकाच वेळी किती पुस्तकं

तीनपर्यंत ठीक, पण ती तीन एकमेकांसारखी नकोत. एक जड, टेबलाशी बसून पेन्सिल घेऊन वाचायचं. एक झोपण्यापूर्वीचं. एक तुकड्यातुकड्यांत वाचता येणारं: लेख, पत्रं, कविता. प्रत्येकाची जागा ठरवा आणि पुस्तक तिथेच ठेवा. दोन कादंबऱ्या सोबत वाचायला घेतल्या की पात्रांची नावं एकमेकांत मिसळतात. चौथं पुस्तक आत आलं की पहिला बळी जड पुस्तकाचा जातो. ते मिटलेलंच राहतं. दहा दिवस हात न लागलेल्या पुस्तकाबद्दल निर्णय घ्या: उद्या उघडायचं, किंवा वहीत "सोडलं" लिहून कपाटात ठेवायचं.

ऐकायच्या पुस्तकांना वेगळं पान द्या. सव्वापट वेगाने ऐकलेली कादंबरी आणि हातात धरून वाचलेली कादंबरी यांच्या नोंदी एकत्र केल्या तर वेगाचा सगळा हिशेब बिघडतो. स्वयंपाक, चालणं अशा कामांत ऐकताना कथानकाचा दरवाजा उत्तम चालतो; भाषेचा मात्र निम्माच उघडतो, कारण थांबून वाक्य दुसऱ्यांदा ऐकायला हात मोकळा नसतो.

पुस्तकातल्या खुणा

स्वतःच्या पुस्तकात एचबी किंवा टू-बी पेन्सिल, हलक्या हाताने. बॉलपेनचा दाब मागच्या पानावर उमटतो आणि हायलायटरचा रंग पातळ कागदातून पलीकडे जातो, वर काही वर्षांत फिका पडतो. ओळीखाली रेघ मारण्यापेक्षा समासात उभी रेघ ओढा: मजकूर स्वच्छ राहतो आणि पुढच्या वाचनात डोळा अडकत नाही. चिन्हं तीनच पुरेत: उभी रेघ म्हणजे महत्त्वाचं, प्रश्नचिन्ह म्हणजे पटलं नाही, फुली म्हणजे वहीत उतरवायचं. पान पूर्ण वाचून झाल्यावरच खूण करा. वाचता वाचता केली तर पहिल्याच परिच्छेदात चार खुणा होतात आणि खरा मुद्दा त्याच पानाच्या तळाशी निघतो.

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतःची सूची करा: पान-क्रमांक आणि समोर तीन-चार शब्द. ३०० पानांच्या पुस्तकाला अशा पंधरा-वीस ओळी पुरतात. चाळीस झाल्या तर खुणा फार झाल्या.

उसन्या, ग्रंथालयाच्या किंवा जुन्या पुस्तकाला पेन्सिलही लावू नका. दीड सेंटिमीटर रुंद आणि दहा सेंटिमीटर लांब अशा साध्या कागदाच्या पट्ट्या कापून ठेवा आणि पानांत सरकवा. परत करताना सगळ्या काढा. चिकटपट्टीचे कागद सोयीचे दिसतात, पण ते काढल्यावरही गोंदाचा थर मागे राहतो, त्यावर धूळ बसते, आणि जुना कागद असेल तर छापील अक्षरही सोबत उचललं जातं. पानाचा कोपरा दुमडला की कागदाचे तंतू तुटतात. पिवळ्या पडलेल्या ठिसूळ कागदाचा तो कोपरा पुढे गळूनच पडतो. वाचनखूण पातळ असावी. पेन, चष्मा किंवा जाड पुठ्ठा आत ठेवून पुस्तक मिटलं की बांधणीवर ताण येतो, आणि लोखंडी टाचणीचा गंज पानावर कायमचा राहतो.

उतारे आणि विषयसूची

फुली केलेले उतारे वहीत उतरवताना अक्षरशः उतरवा, पान-क्रमांकासह, अवतरणचिन्हांत. स्वतःचा विचार लिहायचा तर त्याआधी "मी:" लिहा. हा भेद पाळला नाही तर दोन वर्षांनी लेखकाचं वाक्य आपलं वाटायला लागतं.

उतारे सापडावेत म्हणून सूची हवी. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८६ साली एका फ्रेंच नियतकालिकात अशा टिपणवह्यांसाठी सूचीची पद्धत प्रसिद्ध केली होती: विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतरचा पहिला स्वर यांवरून खाना ठरवायचा. मराठीत वर्णमालेचे वर्ग आयते आहेत, त्यामुळे काम आणखी सोपं. शेवटच्या राखीव पानांपैकी दोनांवर आठ खाने आखा: स्वर, कवर्ग, चवर्ग, टवर्ग, तवर्ग, पवर्ग, य-र-ल-व, आणि श-ष-स-ह. "एकटेपणा" स्वरांत, "मृत्यू" पवर्गात, "न्याय" तवर्गात, पुढे वहीचा पान-क्रमांक. शेवटचा खाना सर्वांत आधी भरतो, कारण समाज, स्मरण, स्वातंत्र्य, सत्ता हे सगळे तिथेच जातात. त्याला सुरुवातीलाच दुप्पट जागा द्या. टवर्गाला चार ओळी पुरतील.

शब्द निवडताना, नंतर आपण कोणत्या शब्दाने शोधू हे मनात आणा. "जीवन", "विचार", "माणूस" हे शब्द सूचीत घेऊ नका. त्यांत सगळंच मावतं आणि म्हणून काहीच सापडत नाही. "म्हातारपण", "भावंडं", "स्थलांतर", "खोटं बोलणं" असे ठाशीव शब्द घ्या.

वाचायच्या पुस्तकांची यादी

राखीव पानांतल्या एका पानावर वाचायच्या पुस्तकांची यादी, कमाल पंधरा नावं, प्रत्येकासमोर सुचवणाऱ्याचं नाव आणि कारण. सोळावं घालायचं तर एक खोडायचं. दर तीन महिन्यांनी यादी वाचा. कारण वाचूनही मनात काही हललं नाही तर ते नाव काढा. न वाचलेल्या पुस्तकांचा ढीग साठत जाण्याला जपानी भाषेत "त्सुंदोकु" असा स्वतंत्र शब्दच आहे, तेव्हा ढिगाबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. ढीग असू द्या, यादी मात्र लहान हवी. पुढचं पुस्तक यादीतून निवडायचं, ढिगातून नव्हे.

पुन्हा वाचताना

"पुन्हा वाचणार" असा शेरा असलेलं पुस्तक किमान दोन वर्षांनी घ्या. जुनी नोंद आधी उघडू नका, नाहीतर तेव्हाच्या मताचीच री ओढली जाते. वाचा, नवी नोंद करा, मग जुनी शेजारी ठेवून बघा. पुस्तकातल्या नव्या खुणा वेगळ्या रंगाच्या पेन्सिलीने करा आणि पहिल्या कोऱ्या पानावर दोन्ही वाचनांच्या तारखा घाला. कित्येकदा दरवाजाच बदललेला दिसतो: पहिल्या वेळी कथानकासाठी वाचलेली कादंबरी दुसऱ्यांदा भाषेसाठी वाचली जाते. तसं झालं तर जुना शेरा खोडू नका, खाली नवा लिहा.

वही कुठे बंद पडते

बहुतेक वह्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात थांबतात, आणि कारण बहुधा थकबाकी असतं. चार पुस्तकांच्या नोंदी राहिल्या, त्या भरल्याशिवाय पुढचं लिहायचं नाही असं ठरवलं, आणि सगळंच राहिलं. राहिलेल्या पुस्तकांची फक्त नावं आणि शेरे एका पानावर उतरवा, खाली आडवी रेघ मारा, आणि आज हातात असलेल्या पुस्तकापासून पुढे चला.

दुसरं कारण सजावट. रंगीत शीर्षकं, चिकटवलेली चित्रं हौसेला छान आहेत, पण एका नोंदीला अर्धा तास लागायला लागला की ती टाळली जाते.

तिसरं कारण वर्षाचा आकडा. वर्षात अमुक इतकी पुस्तकं वाचायची असं ठरवलं की ऑक्टोबरपासून पातळ पुस्तकं निवडली जातात आणि सहाशे पानांचा ग्रंथ पुढच्या वर्षावर ढकलला जातो. लक्ष्य हवंच असेल तर वेळेचं ठेवा: आठवड्यात चार बैठका, प्रत्येकी तीस मिनिटं. त्यात जाड पुस्तकही बसतं.

वही भरत आली, शेवटची दहा पानं राहिली, की नवी वही तयार करा. जुन्या वहीतून फक्त दोन गोष्टी नवीत न्यायच्या: वाचायच्या पुस्तकांची यादी, आणि सोडलेल्यांपैकी ज्यांना "वेळ" हे कारण लावलं होतं त्यांची नावं. विषयसूची जुन्या वहीतच राहू द्या. नव्या सूचीत जुना संदर्भ द्यायचा झाला तर वहीचा क्रमांक आणि पान असं लिहा, जसं १/८६. त्यासाठी वहीच्या पुठ्ठ्यावर आणि कण्यावर क्रमांक आणि सुरुवातीची तारीख ठळक घालून ठेवा.